पाचवी पिढी

मिशिगनमधल्या एका नावाजलेल्या राजकीय घराण्याला मी, नागपूरच्या एका बाईनं, एक अख्खी पिढी जास्तीची देऊन टाकली. ती जेमतेम अडीच महिने टिकली. तेवढ्यात ती पत्रकांवर छापून आली, सभांमध्ये तिच्यासाठी टाळ्या पडल्या आणि माझ्या मुलीच्या नोकरीवर गदा आली.

ट्रॉयमध्ये राहून आम्हाला अठ्ठावीस वर्षं झाली. नवरा गाड्यांच्या एका कंपनीत आयटीचं काम बघतो. मी काही वर्षं शाळेच्या ऑफिसात होते, मग ते सोडलं. मग योगाचे वर्ग घेतले, तेही सोडले. एका जागी स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही. नवरा म्हणतो, हिला चहा उकळेपर्यंत उभं राहवत नाही, तेवढ्यात ही दोन कपाटं आवरते. ते खरं आहे. त्या दोन कपाटांतलं पुढे आठवडाभर काही सापडत नाही, हेही खरं आहे. पण हे दुसरं मी आजवर कधी कबूल केलेलं नाही. आमच्या घरात चुका होतात त्या नवऱ्याच्या, मुलीच्या, नाहीतर फ्रीज बनवणाऱ्याच्या.

दोन वर्षांपूर्वी अशीच एका सकाळी घर खायला उठलं म्हणून मी गाडी काढली आणि उत्तरेकडे निघाले. कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. पाऊण तासावरच्या एका लहान गावात 'व्हॉलंटियर पाहिजेत' अशी पाटी दिसली, तिथं थांबले. ती त्या गावाची इतिहास संस्था होती. धान्याच्या जुन्या गोदामात दोन खोल्या, तीन निवृत्त माणसं आणि छतापर्यंत रचलेली खोकी. अध्यक्षबाई जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेल्या. त्यांनी विचारलं, वंशावळीचं काम कधी केलंय का? मी म्हटलं, केलंय म्हणजे काय!

ते खोटं नव्हतं. लग्नाआधी काकांच्या हाताखाली मी आमच्या कुलवृत्तांताचं काम केलं होतं. अमरावती, अकोला, इंदूर, जिथं म्हणून आमच्या आडनावाचं माणूस असेल तिथं छापील फॉर्म पाठवायचे, भरून आलेले फॉर्म जुळवायचे आणि शाखा लावायच्या. काका नाव वाचायचे आणि मी तक्त्यावर बोट ठेवायचे, हा ह्याचा मुलगा. आपल्याकडे ते सोपंच असतं. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. माणसाच्या नावातच एक पायरी वर चढायची सोय असते. काका म्हणायचे, पोरीची नजर तयार आहे. तेव्हापासून मी ती नजर तयारच आहे असं धरून चालले होते.

त्या गावात महत्त्वाचं घराणं एकच. पुलाला त्यांचं नाव, शाळेला त्यांचं नाव, दवाखान्यासमोरच्या रस्त्यालाही त्यांचंच. मूळ पुरुष टाउनशिपचा सुपरवायझर, म्हणजे आपल्याकडचा सरपंच म्हणा. त्याचा मुलगा राज्याच्या विधानसभेत. नातू पुष्कळ वर्षं राज्याचा सिनेटर. तो आता ब्याऐंशी वर्षांचा होता, पण गावात अजून सगळे त्याला सिनेटरच म्हणत. आणि त्या सिनेटरांची मुलगी यंदा विधानसभेला उभी होती. चार पिढ्या. गोदामाच्या लांब भिंतीवर त्या घराण्याचा वृक्ष मांडायचा, असं संस्थेनं ठरवलं आणि ते काम आपसूक माझ्याकडे आलं.

सिनेटर दर मंगळवारी काठी टेकत यायचे. येताना डोनट आणायचे आणि स्वतः खायचे नाहीत. मी काढलेल्या फांद्या बघत उभे राहायचे. खाली सगळं भरलेलं होतं, मामे-चुलत, सुना-जावई, अगदी लहानपणी गेलेली दोन मुलंसुद्धा. वर मात्र मूळ पुरुषाच्या डोक्यावर काही नव्हतं. तो एक दिवस गावात आला, लाकूड कापायची गिरणी टाकली आणि निवडून आला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. "त्यांचे वडील कोण होते, हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं," सिनेटर म्हणाले. "आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती."

ती रिकामी जागा मला बघवेना. जेवताना डोळ्यांसमोर ती, गाडी चालवताना ती. मी ठिकठिकाणी पत्रं पाठवली, ओहायोतल्या चर्चेसनासुद्धा, आणि उत्तरं यायची वाट न बघता खोकी उपसत राहिले. ऑगस्टमध्ये एका जुन्या बांधीव पुस्तकात राज्याच्या सुरुवातीच्या आमदारांची यादी सापडली. त्यात त्या घराण्याच्या आडनावाचा एक माणूस होता. शेजारच्याच कौंटीतून निवडून आलेला, मूळ पुरुषापेक्षा वयानं तीसेक वर्षं मोठा. आणि त्याचं पहिलं नाव म्हणजे आमच्या मूळ पुरुषाचं मधलं नाव.

हा ह्याचा मुलगा! मी पेन्सिलसुद्धा शोधली नाही. पेन घेतलं आणि सरळ रेघ ओढली.

इथल्या लोकांचं मधलं नाव बापाचं नसतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अठ्ठावीस वर्षं मी इथं फॉर्म भरतेय. मुलगी शाळेत असताना तिच्या नावात मधे बाबांचं नाव बघून मुलं हसायची, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण माहीत असणं वेगळं आणि हाताला सवय असणं वेगळं. त्या क्षणी मला काका आठवले, तक्ता आठवला, आणि माझं बोट आपोआप वर गेलं.

अध्यक्षबाईंनी तपासणी केली ती एका स्वल्पविरामाची. सिनेटर त्या मंगळवारी भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग खुर्ची मागवून बसले. "म्हणजे ते काही आभाळातून पडले नव्हते," असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला. मला भलतंच भरून आलं. घरी येताना मी गाडीत एकटीच मोठमोठ्यानं गात होते.

आता मुलीबद्दल. ती इथंच जन्मलेली, सव्वीस वर्षांची, एकुलती एक. तिनं चांगली इन्शुरन्स कंपनीतली नोकरी सोडली आणि ह्याच उमेदवार बाईंच्या प्रचारात काम धरलं. तिचं नि ह्या घराण्याचं सूत माझ्यामुळेच जुळलं. एका शनिवारी मी तिला गोदामात खोकी उचलायला घेऊन गेले होते, तिथं तिची बाईंशी ओळख झाली. भाषणं लिहायची, पत्रकं करायची हे तिचं काम. मी म्हटलं होतं, चार महिन्यांची नोकरी ती कसली नोकरी! पण पोर खुलली होती. प्रचाराचं ऑफिस जवळ पडावं म्हणून तिनं त्या गावातच एक खोली घेतली. निवडून आलो तर जानेवारीत राजधानीतल्या ऑफिसात तुला घेणार, असा बाईंचा शब्द होता. लहानपणी स्टेजवर जायचं म्हटलं की पोटात दुखणारी ही मुलगी आता फोनवर दहा-दहा माणसांना कामं सांगत होती.

तिनं तो वृक्ष आमच्या डायनिंग टेबलावर पाहिला. छोटी प्रत मी घरी आणली होती. पाचव्या पिढीवर बोट ठेवून म्हणाली, "आई, आर यू शुअर? आय मीन, मिडल नेम म्हणजे डॅडचंच असतं असं नाही ना इथे."

"तू मला शिकवू नको," मी म्हणाले. "तुझ्या जन्माच्या आधीपासून मी हे काम करतेय."

"ओके, ओके. जस्ट आस्किंग," ती हसत म्हणाली आणि फोननं फोटो काढून घेतला. सप्टेंबरच्या पत्रकावर ठळक अक्षरात ओळ आली, पाच पिढ्यांची लोकसेवा. ते पत्रक मी फ्रीजवर लावलं आणि आल्यागेल्याला दाखवलं.

ऑक्टोबरच्या मध्यावर ओहायोच्या एका चर्चमधून पाकीट आलं. मी पत्र पाठवलंय हेसुद्धा विसरून गेले होते. आत बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतल्या एका पानाची प्रत होती. मुलाचं नाव, आमचा मूळ पुरुष, तारीख बरोबर. बापाचं नाव भलतंच. बापाचा धंदा, शेतमजूर. सहीच्या जागी फुली. आणि आईच्या नावापुढे तिचं माहेरचं आडनाव लिहिलेलं. तेच ते मधलं नाव. बाईनं आपल्या माहेरचं आडनाव मुलाच्या नावात मधे ठेवून दिलं होतं आणि मी त्याचा आमदार करून भिंतीवर चढवला होता.

मी ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पाच मिनिटांनी काढून परत वाचलं. भाजी फोडणीला टाकली, गॅस बंद केला, परत वाचलं. निवडणुकीला तीन आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी राज्याच्या राजधानीला, लॅन्सिंगला गेले, दीड तास गाडी चालवत. राज्याच्या दप्तरखान्यात त्या आमदाराची माहिती मागवली. खरं सांगायचं तर मी सत्य शोधायला गेले नव्हते, पळवाट शोधायला गेले होते. त्याला आमच्या मूळ पुरुषाच्या नावाचा मुलगा निघाला असता तर मी त्या चर्चच्या पानाचे तुकडे करून फेकले असते. त्याला दोन मुली होत्या. मुलगा नव्हता.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "इलेक्शनपर्यंत गप्प बस. नंतर कोण मोजतंय पिढ्या? पोरीचा जानेवारीचा जॉब आहे, उगाच घोळ घालू नको यार." मला हे पटलं आणि पटलं म्हणूनच मी त्याच्यावर खेकसले. मग मूग गिळून बसले. बसले असं म्हणायचं, पण बसत कुठं होते! गराज झाडलं, मसाल्याचे डबे धुतले, अंगणातली पानं तीनदा गोळा केली. शेजारची अमेरिकन बाई विचारायला आली, पाहुणे येणार आहेत का?

त्या शनिवारी सकाळी गावच्या अग्निशमन केंद्रात प्रचाराचा, पॅनकेकच्या न्याहारीचा कार्यक्रम होता. मुलीनं आग्रहानं बोलावलं होतं. उमेदवार बाई बोलायला उभ्या राहिल्या. मुलगी बाजूला भिंतीशी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. भाषण तिनंच लिहिलेलं, तिला पाठ होतं. "पाच पिढ्या" हे शब्द आले तेव्हा बाई क्षणभर थांबल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिनेटर पहिल्या रांगेत होते, त्यांनी मागं वळून मला हात केला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या ताटलीतला पॅनकेक तसाच राहिला आणि मला स्वतःची अशी चीड आली की कुणाशी न बोलता मी बाहेर गाडीत जाऊन बसले.

रविवारी मुलगी जेवायला आली. वरणभात, भरली वांगी, तिच्या आवडीचं सगळं. तिचं अर्धं जेवण झाल्यावर मी ते पान तिच्यासमोर ठेवलं. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, इथल्या लोकांच्या नावांना काही धरबंदच नाही. बाईचं आडनाव काय मुलाच्या नावात घालतात! त्या आमदाराचं आडनावसुद्धा नेमकं ह्या घराण्याचंच असावं का? अध्यक्षबाई नुसते स्वल्पविराम बघतात. चर्चनं पान दोन महिने आधी पाठवलं असतं तर हे झालंच नसतं.

तिनं पान वाचलं. "म्हणजे फिफ्थ जनरेशन राँग आहे?"

"चूक असं नाही," मी म्हणाले. "पण आता कागद वेगळं सांगतोय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भात संपवला, ताट धुऊन ठेवलं आणि कोट घातला. "ओके. आय विल हँडल इट," म्हणाली. मी डबा भरून दिला तो तिनं घेतला. गाडी वळून गेल्यावर मला हलकं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते. पण वाटलं खरं.

मंगळवारी मी लवकर निघाले. भिंतीवरची रेघ आपणच पुसायची, असं ठरवून पांढरा रंग आणि ब्रश घेतला होता. पोचले तर सिनेटर आधीच येऊन बसलेले. त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. आवाज अगदी मऊ होता.

"तुमच्या मुलीनं परवा संध्याकाळी मला फोन केला होता," ते म्हणाले. "तुम्ही त्या नावापुढे प्रश्नचिन्ह घातलं होतं म्हणे, नक्की नाही म्हणून. भाषणात जोर यावा म्हणून तिनं ते गाळलं. वय लहान आहे, मी समजू शकतो. पण माझी मुलगी ह्या बाबतीत कडक आहे. तिनं काल तिला कामावरून कमी केलं. आता जानेवारीचंही काही खरं नाही. तुम्ही मात्र तिला फार बोलू नका."

मला आधी काही कळेचना. प्रश्नचिन्ह? कुठलं प्रश्नचिन्ह? मी भिंतीकडे पाहिलं. माझी काळ्या पेनची रेघ तिथं ठणठणीत उभी होती. सिनेटरांनीही पाहिलं. म्हणाले, "पुसलं गेलं असेल."

म्हाताऱ्यानं मला सुटायला दार उघडून दिलं होतं. इतकी वर्षं राजकारणात काढलेला माणूस, त्याला सगळं कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. मला फक्त मान हलवायची होती. तेवढं केलं असतं तरी माझी काकांच्या वेळची तयार नजर तशीच शाबूत राहिली असती. मी उठून उभी राहिले.

"प्रश्नचिन्ह नव्हतं," मी म्हणाले. "कधीच नव्हतं. तिनं मला विचारलं होतं, खात्री आहे का, आणि मी तिला गप्प केलं. चूक माझी आहे. आय ॲम सॉरी."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आमच्याकडे नावात बाप कसा असतो, आमदारांची यादी, लॅन्सिंगची फेरी, पॅनकेकच्या वेळच्या माझ्या टाळ्या. माझं इंग्रजी घसरत होतं, तरी थांबले नाही. त्यांनी पान मागितलं. चष्मा लावून सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"त्यांनी नाव का नाही लिहिलं?"

"लिहिता येत नसणार."

त्या फुलीवरून त्यांनी बोट फिरवलं. "दुसऱ्याच्या शेतात राबत होते," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला म्हणाले, "मी मुलीशी बोलेन. पण ती आता शब्द फिरवेल असं वाटत नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर झालंय. आम्ही लोक माघार घेत नाही, ते आमच्यात नाहीच." आणि पांढऱ्या रंगाचा डबा त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. "ही रेघ मी पुसतो. तुम्ही जा तिच्याकडे."

तिची खोली तिथून चार मिनिटांवर. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. कोपऱ्यात प्रचाराच्या पाट्यांचा गठ्ठा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. चिडले की माझ्या तोंडात नागपूर येतं. दारातूनच मी ओरडले, "काहून केलंस तू असं? कोणी सांगितलं होतं तुला? आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी नोकरी मिळाली आणि माझ्यापायी घालवून बसलीस!"

मी आत गेले. "मी सांगितलं त्यांना," मी म्हणाले. "सगळं. चूक माझी होती असं सांगितलं. सॉरी म्हटलं."

तिचे हात थांबले. "सॉरी म्हणालीस? तू?"

"हो."

"सिनेटरना? लाइक, तोंडावर?"

"हो म्हटलं ना."

तिनं टॉवेल मांडीवर ठेवला. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती रागावली नव्हती. एखाद्याची उंची सांगावी तितक्या साधेपणानं ती म्हणाली, "आई, जॉब दुसरा मिळेल मला. आय जस्ट थॉट... मला खरंच वाटलं, तुला ते जमणारच नाही. म्हणून मी केलं."

सव्वीस वर्षं ही मुलगी माझ्याकडे बघत होती आणि बघून बघून तिनं एवढं नक्की केलं होतं. मी खाली बसले. एक टॉवेल ओढला, त्याची घडी घातली, ती वाकडी आली, उलगडून परत घातली. परक्या माणसाला थोड्या वेळापूर्वी जे म्हणून आले होते, ते हिला अजून म्हटलंच नव्हतं. हिला ते इंग्रजीत म्हणून भागणार नव्हतं.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले.